‘कोडमध्ये राजकारण नको’ म्हणजे नेमकं काय नको?

अर्धविराम

मोठ्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टमध्ये भांडण पेटलं की कोणीतरी येऊन सांगतंच, "आपण प्रोग्रॅमर माणसं, राजकारण दाराबाहेर ठेवा." त्याला भराभर अंगठे पडतात. मला या वाक्याचा हल्ली वैताग येतो, म्हणून हा धागा.

पीजीपीची गोष्ट बघा. १९९१ साली फिल झिमरमनने ईमेल कूटबद्ध करणारा प्रोग्रॅम लिहून मोकळा सोडला. तेव्हा अमेरिकेच्या निर्यात कायद्यात मजबूत क्रिप्टोग्राफी दारूगोळ्याच्या यादीत होती. प्रोग्रॅम देशाबाहेर पोचला आणि झिमरमनच्या मागे फौजदारी चौकशी लागली. ती गुंडाळली जानेवारी १९९६ मध्ये, एकही आरोप न ठेवता. मधल्या काळात एमआयटी प्रेसने पीजीपीचा सोर्स कोड चक्क पुस्तक म्हणून छापला, कारण फ्लॉपी बाहेर नेली तर ती निर्यात आणि पुस्तक नेलं तर ते पुस्तक. पुढच्या एका आवृत्तीची अशीच छापील पानं युरोपात स्कॅन करून लोकांनी प्रोग्रॅम परत उभा केला. आता यात राजकारण कोणी आणलं? झिमरमनने, की ज्याने बीजगणित रणगाड्यांच्या यादीत घातलं त्याने?

दुसरं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) मेंटेनर्स फाइलमधून, म्हणजे कोडचे भाग सांभाळणाऱ्यांच्या यादीतून, सुमारे डझनभर नावं एका छोट्या पॅचने (कोडमधल्या बदलाने) उडाली. कारण काय, तर नियमपालनाच्या निरनिराळ्या गरजा. बस. नंतर खुलासा आला की अमेरिकेच्या निर्बंध-यादीतल्या रशियन कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांपुरतं हे आहे. लिनक्सचा जनक टोरवाल्ड्सने निर्णय फिरणार नाही असं ठणकावलं. त्या लोकांनी लिहिलेला कोड मात्र कर्नलमध्येच आहे आणि तुमच्याआमच्या मशीनवर चालतो आहे.

तो निर्णय बरा की वाईट यात मला शिरायचं नाही. तो कोणी घेतला, कुठे बसून घेतला, ज्यांची नावं गेली त्यांना आधी कोणी सांगितलं का, हे मला विचारायचंय. आणि 'राजकारण नको' म्हटलं की नेमके हेच प्रश्न विचारता येत नाहीत. ज्याच्या हातात कमिटची किल्ली, म्हणजे कोडमध्ये बदल नोंदवायचा हक्क, त्याचं चालतं.

---

रूटबाबा

धाग्याचं नाव बघून आलो, आणि अपेक्षेप्रमाणे रक्तदाब वाढला.

पीजीपीचं उदाहरण तुम्ही स्वतःच्या विरोधात दिलंय. सरकार कोडच्या अंगावर आलं होतं. झिमरमनने काही कुणाच्या मशीनवर जाऊन भाषण ठोकलं नव्हतं. आम्ही 'राजकारण नको' म्हणतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर मार्च २०२२ चं नोड-आयपीसी असतं. एनपीएमवरचं (जावास्क्रिप्ट कोडच्या भांडारातलं) साधं पॅकेज, व्ह्यू या वेब फ्रेमवर्कच्या कमांड लाइन टूलपर्यंत पोचलेलं. युक्रेन युद्धाचा निषेध म्हणून लेखकाने त्यात असा कोड घातला, की मशीनचा आयपी पत्ता रशिया किंवा बेलारूसचा वाटला तर फायलींमधला मजकूर पुसून तिथे हृदयाचं चिन्ह भरायचं. आयपीवरून देश ओळखणं किती बेभरवशाचं असतं हे इथे कोणाला सांगायला नको. व्हीपीएनवर बसलेला कुणीही त्यात सापडला असता. आणि समजा नेम अचूक लागला, तरी फायली जाणार कोणाच्या? सेनापतीच्या नक्कीच नाहीत. कुठल्यातरी ज्युनियर डेव्हलपरच्या, नाहीतर एखाद्या मदतकार्य करणाऱ्या संस्थेच्या.

पाणी कोणाच्या घरी जातंय ते बघून टाकीत औषध कालवायचा हक्क पाणी सोडणाऱ्याला नसतो. एवढं मान्य असेल तर पुढे बोलू.

---

अर्धविराम

मान्य. नोड-आयपीसीचं समर्थन मी करणार नाही, आणि या धाग्यावर कोणी करेल असंही वाटत नाही. पण 'दुसऱ्याच्या फायली पुसू नका' आणि 'राजकारण नको' यांत खूप अंतर आहे. तुम्ही पहिलं सिद्ध करून दुसरं खिशात घालताय.

---

तळटीप

थोडी लायसन्सची (कोड वापरण्याच्या अटींची) बाजू.

ओपन सोर्सच्या व्याख्येतलं पाचवं कलम म्हणतं, कुठल्याही व्यक्तीशी वा गटाशी भेदभाव नाही. सहावं म्हणतं, कुठल्याही कार्यक्षेत्राशी भेदभाव नाही. ही कलमं डेबियन या लिनक्स वितरणाच्या १९९७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतून आलेली आहेत. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर रुग्णालयही वापरेल आणि क्षेपणास्त्र बनवणाराही. हे नकळत राहून गेलेलं नाही, लिहिणाऱ्यांनी समजून-उमजून तसं ठेवलंय.

याच्या उलट वागून बघितलेलं उदाहरण म्हणजे डग्लस क्रॉकफर्ड. त्याने जेसनच्या (डेटा लिहिण्याच्या एका पद्धतीच्या) लायसन्समध्ये एक ओळ घातली: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. कोणाला वाटेल, यात कसला वाद. पण वकिलांची झोप उडाली, कारण 'वाईट' कोण ठरवणार? एका मोठ्या कंपनीच्या वकिलांनी वेगळी परवानगी मागितली. क्रॉकफर्डने ती देऊन टाकली: तुम्ही, तुमचे ग्राहक, भागीदार आणि हस्तक, सगळ्यांना वाईट कामासाठी वापरायला माझी हरकत नाही. हा किस्सा तो भाषणात सांगतो तेव्हा सभागृह हसतं. डेबियनला मात्र हसू आलं नाही. त्यांनी ते लायसन्स मुक्त मानलंच नाही, आणि २०१६ मध्ये अपाचे फाउंडेशननेही आपल्या प्रोजेक्टमध्ये तसा कोड घ्यायला बंदी केली. एका नैतिक वाक्यापायी लोकांना तोच कोड नव्याने लिहावा लागला.

तेव्हा तटस्थतेला हसू नका. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकाच कर्नलमध्ये पॅच पाठवू शकतात ती या दोन कलमांच्या जिवावर.

---

अर्धविराम

पण तळटीप, हे दोन नियम तरी कोणी केले? माणसांनी चर्चा करून केले ना? मग तो राजकीय निर्णयच झाला. चांगला निर्णय आहे, मला आवडतो. आभाळातून पडला असं भासवू नका, इतकंच.

---

तळटीप

ठीक. पण एकदा ठरलेला नियम दर महिन्याला मोडीत काढायचा नसतो, हेही राजकारणातच शिकवतात.

---

रात्रपाळी

तुम्ही सगळे लायसन्सवर भांडताय. मी एका छोट्या लायब्ररीची (इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडची) मेंटेनर आहे, नोकरी सांभाळून रात्री करते. माझ्या वाट्याला येणारं राजकारण फार वेगळं असतं. ते पत्रातून येतं. लेटरहेड असलेल्या पत्रातून.

एका बड्या कंपनीच्या खरेदी विभागाकडून मला प्रश्नावली आली होती. माझा आपत्ती-नियोजन आराखडा काय, माझ्या डेटा सेंटरला कुलूप आहे का, माझ्या 'कर्मचाऱ्यांची' पार्श्वभूमी तपासली आहे का. आठवड्याच्या आत भरून पाठवा. या कंपनीशी माझा कसलाही करार नाही, त्यांनी मला कधी दमडी दिलेली नाही. त्यांच्या लेखी मी 'पुरवठादार'. मी उत्तर दिलं नाही, तेव्हा स्मरणपत्र आलं, वरिष्ठांना प्रत लावून. माझे वरिष्ठ कोण ते त्यांनाच ठाऊक.

कर्ल या डेटा आणण्या-पाठवण्याच्या टूलच्या डॅनियल स्टेनबर्गने असलंच पत्र जानेवारी २०२२ मध्ये जगासमोर ठेवलं होतं. लॉगफोरजे या लायब्ररीतल्या सुरक्षा-त्रुटीचा घोळ डिसेंबर २०२१ मध्ये झाला, आणि एका फॉर्च्यून ५०० कंपनीने त्याला चोवीस तासांत उत्तरं मागितली. कर्ल सी भाषेत आहे, लॉगफोरजे जावात. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्याने शांतपणे लिहिलं, सपोर्टचा करार करूया, मग सगळी उत्तरं देतो.

हे काम आहे की छंद? छंद असेल तर पत्रं पाठवू नका. काम असेल तर पगार कुठाय? हा प्रश्न मला कुठल्याही पक्षाच्या झेंड्यापेक्षा जास्त राजकीय वाटतो.

---

फुलस्टॅक_आजोबा

रात्रपाळी यांना +१.

ओपनएसएसएल या कूटबद्धतेच्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड त्रुटी आठवा, एप्रिल २०१४. अर्ध्या इंटरनेटचं कुलूप म्हणजे ओपनएसएसएल, आणि त्याच्या फाउंडेशनला वर्षाकाठी मिळणारी देणगी होती सुमारे दोन हजार डॉलर. पूर्णवेळ माणूस एक. बग दोन वर्षं आत बसून होता. बोंब झाल्यावर लिनक्स फाउंडेशनने महिन्याभरात मोठमोठ्या कंपन्यांना गोळा करून निधी उभारला. म्हणजे खिशात पैसे होते. आग लागेपर्यंत हात आत जात नव्हता.

---

नवखा_नोड

एक बाळबोध प्रश्न. एक्सझेडची गोष्ट याच प्रकारातली का? आणि सगळा कोड उघडा असतो, तर मागचं दार कोणाला दिसलं कसं नाही?

---

रात्रपाळी

बाळबोध अजिबात नाही. या सगळ्या वादाचं सार त्या एका घटनेत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक्सझेड म्हणजे कॉम्प्रेशनचं टूल आणि त्याची लायब्ररी. वर्षानुवर्षं मुख्यतः लासे कॉलिन हा एकटा माणूस सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' नावाचं खातं पॅच पाठवू लागलं. पॅच व्यवस्थित होते. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर आणखी काही खाती उगवली, ज्यांचा मागचापुढचा काही पत्ता नाही, आणि त्यांनी कॉलिनवर दबाव टाकायला सुरुवात केली. प्रोजेक्ट रेंगाळलाय, पॅच कुजतायत, तुम्हाला रस नसेल तर दुसऱ्याकडे द्या. कॉलिनने उत्तरात तब्येतीचं कारण सांगितलं आणि हेही लिहिलं की हा बिनपगारी छंद आहे, याची आठवण ठेवा. शेवटी जिया टॅनला सहमेंटेनर केलं. का करणार नाही? एकटाच तर मदत करत होता.

फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या आल्या. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. विषारी भाग चाचणीसाठीच्या बायनरी फायलींत दडवला होता. 'ही मुद्दाम बिघडवलेली फाइल आहे, हिच्यावर लायब्ररी नीट चूक दाखवते का ते तपासायला' असं म्हणून कोणी बायनरी टाकली तर ती उघडून कोण वाचतं? आणि ती फाइल उलगडून बिल्डमध्ये (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवताना) घुसवणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, जिथे कोड सगळ्यांना दिसतो तिथे, नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायच्या गठ्ठ्यात, होती. कोड उघडा होता तो गिटमध्ये. डिस्ट्रो (लिनक्सची वितरणं) बिल्ड करत होते टारबॉलवरून. त्या फटीत तो घुसला.

पुढची कडी अजून वाकडी आहे. ओपनएसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, स्वतः ही लायब्ररी वापरत नाही. पण डेबियन, फेडोरासारख्या डिस्ट्रो सिस्टमडीला (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) 'मी सुरू झालो' एवढा निरोप देण्यासाठी तेव्हा त्याला पॅच लावायच्या, त्यातून सिस्टमडीची लायब्ररी यायची आणि तिच्या पदराला धरून ही. तेवढ्या वाटेने एसएसएचच्या सही तपासण्याच्या फंक्शनवर कब्जा. ज्याच्याकडे ठरावीक खाजगी किल्ली, त्याला सर्व्हरवर हवं ते चालवता येईल.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला, पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर दुसऱ्याच कसल्या मोजणीत होता. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर विनाकारण राबतोय हे त्याला खटकलं. खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने जाहीर केलं. तोवर या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोराच्या आगामी आवृत्तीत पोचल्या होत्या, स्थिर आवृत्त्यांत नाही.

लोक यातून 'ओपन सोर्स जिंकलं' असा निष्कर्ष काढतात. मला त्यातली दोन वर्षं चाललेली दमछाक दिसते. हल्लेखोराने कोडच्या आधी माणूस फोडला, आणि त्यासाठी त्याला हत्यार काय लागलं, तर आपण सगळे रोज वापरतो तीच भाषा: "अपडेट कधी येणार? प्रोजेक्ट मेलाय का?"

---

नवखा_नोड

बाप रे. धन्यवाद. वाचनखूण साठवली.

---

रूटबाबा

रात्रपाळी, दंडवत. पण हे राजकारण नाही, ही हेरगिरी आहे. आणि यावर उपाय तांत्रिक आहेत: बिल्ड कुणीही पुन्हा करून पडताळता येईल असं करा, टारबॉल थेट गिटमधून बनवा, बायनरी चाचणी फायलींवर बंदी घाला.

---

रात्रपाळी

सगळे उपाय बरोबर. आता सांगा, ते करणार कोण? मीच ना? रात्री?

---

क्युबिकल

नोकरीच्या बाजूने दोन शब्द, कारण वाद फक्त ओपन सोर्सपुरता चाललाय.

मी टीम सांभाळतो. ऑफिसच्या चॅटवर राजकीय वाद पेटला की काय होतं ते मी रोज निस्तरतो. शांत स्वभावाची माणसं गप्प बसतात, रिव्ह्यूमध्ये जुने हिशोब चुकते होतात. तेव्हा 'इथे कामाचं बोलू' हा नियम मला दडपशाही वाटत नाही. कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये तसं जाहीर केलं, पटत नसेल त्यांना पैसे देऊन वाट मोकळी केली, आणि कंपनी काही बुडाली नाही.

---

अर्धविराम

आणि बेसकॅम्प? एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी कामाच्या खात्यांवर सामाजिक-राजकीय चर्चा बंद केली आणि काही दिवसांत सुमारे एक तृतीयांश लोक राजीनामा देऊन गेले. तिथला वाद बाहेरच्या राजकारणावर सुरूच झाला नव्हता. ग्राहकांच्या 'गमतीदार' नावांची एक जुनी यादी कंपनीत फिरत होती, तिची जबाबदारी कोणाची यावरून सुरू झाला. म्हणजे कामाचाच विषय. 'राजकारण बंद' या पाटीखाली तो झाकला गेला. पाटी कोण लावतो ते बघा, म्हणून तर सांगतोय.

---

क्युबिकल

एक तृतीयांश गेले, दोन तृतीयांश राहिले. राहिलेल्यांना कोणी विचारलं का, की त्यांना बरं वाटलं?

---

सेगफॉल्ट

राहिलेल्यांना गृहकर्जाचे हप्ते होते, असा आपला माझा अंदाज.

---

विचारवंती

क्युबिकल, तुमच्या नियमात एक अडचण आहे. कामच राजकीय असेल तर? गूगलमधल्या हजारो लोकांनी २०१८ मध्ये प्रोजेक्ट मेव्हनविरुद्ध सह्या केल्या, तो चॅटवरचा टाइमपास नव्हता. ड्रोनच्या चित्रफितींचं विश्लेषण करणारं मॉडेल लष्करासाठी बनत होतं आणि ते बनवणारे हात यांचेच होते. कंपनीने करार पुढे वाढवला नाही, शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही असं तत्त्वही लिहून काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच वाक्य तत्त्वांतून गळालं. सह्यांनी सात वर्षं मिळवली, कायमचं काही नाही. कारण ते वाक्य कुठल्याही करारात नव्हतं, ते कंपनीने दिलं होतं आणि कंपनीनेच काढून घेतलं.

मी कामगार संघटनेच्या बाजूची आहे, लपवत नाही. आपल्या क्षेत्रात 'संघटना' म्हटलं की लोक कानावर हात ठेवतात. पगार चांगला असतो तोवर प्रत्येकाला आपण स्वयंभू वाटतो. कामावरून काढल्याचा ईमेल येतो तेव्हा मात्र सगळ्यांना एकाच मसुद्याचा येतो.

---

रूटबाबा

संघटना आली की ज्येष्ठतेने बढती आणि कोणी काही शिकायला नको. नको रे बाबा.

---

विचारवंती

तुमच्या कंपनीत आत्ता बढती गुणवत्तेवर होते का? खरं सांगा.

---

रूटबाबा

...पुढचा मुद्दा घ्या.

---

तळटीप

घेतो. अर्धविराम यांनी किल्लीचा विषय काढलाय, आणि किल्ली दिसते ती लायसन्स बदलताना.

काही कंपन्यांनी आपल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बदलून जास्त बंधनांचं केलं: मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलास्टिकने जानेवारी २०२१ मध्ये, हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये. सगळ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच: मोठ्या क्लाउड कंपन्या आमचं सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकतात आणि आम्हाला काही देत नाहीत. तक्रार खोटी नाही. पण हे बदल एका रात्रीत शक्य झाले, कारण बहुतेक ठिकाणी योगदान देणाऱ्या बाहेरच्या लोकांनी आधी एका करारावर सही करून आपल्या कोडचे व्यापक हक्क कंपनीला दिले होते (रेडिसचं जुनं लायसन्सच इतकं सैल होतं की तिथे कराराचीही गरज पडली नाही). लिनक्सचं लायसन्स कोणी असं बदलू शकत नाही. तिथे हक्क हजारो लोकांत विखुरलेले आहेत, सगळ्यांची संमती मिळवणं अशक्य. तिथली सुरक्षितता आहे ती टोरवाल्ड्सच्या चांगुलपणात नव्हे, या पसाऱ्यात.

परिणाम काय झाला? इलास्टिकचा फोर्क (जुन्या कोडवरून काढलेली वेगळी शाखा) ॲमेझॉनने केला, ओपनसर्च. हॅशीकॉर्पच्या टेराफॉर्मचा ओपनटोफू झाला, रेडिसचा व्हॅल्की, आणि हे दोन्ही आज लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहेत. इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएल या मुक्त लायसन्सचा पर्याय देऊन अर्धी वाट परत घेतली. ज्या क्लाउडवाल्यांना अद्दल घडवायची होती त्यांच्याकडे स्वतःचा फोर्क सांभाळायला इंजिनियर होते. त्यांना खरचटलंही नाही. मधल्यामध्ये पिसले गेले ते छोटे वापरकर्ते, ज्यांना वकिलाला विचारावं लागलं की आपण 'स्पर्धक' ठरतो का.

तेव्हा पुढच्या वेळी पॅच पाठवण्याआधी तो करार वाचा. रेपोमध्ये (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल असते, तिच्यात दुवा असतो, आणि ती कोणी उघडत नाही.

---

फुलस्टॅक_आजोबा

अवांतर: आमच्या काळी लायसन्स म्हणजे खोक्यावर चिकटवलेला कागद. खोकं फोडलं की सगळ्या अटी मान्य.

---

सेगफॉल्ट

आजोबा, आता खोकं पण नाही, नुसत्याच अटी.

---

विचारवंती

किल्ली विखुरलेली असण्याची आणखी दोन चांगली उदाहरणं आहेत, कारण इथे सगळं निराशेच्या सुरात चाललंय.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा जनक गिडो व्हॅन रॉसम 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणून ओळखला जायचा. जुलै २०१८ मध्ये एका चिमुकल्या ऑपरेटरवरून इतकं रण माजलं, की प्रस्ताव मंजूर करून त्याने पद सोडलं आणि वारस नेमायला नकार दिला. पुढे कसं चालायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाला. लोकांनी चर्चा करून पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ आणलं. त्यात एकाच कंपनीचे दोनापेक्षा जास्त सदस्य असू नयेत असं कलम आहे. याला राजकारण म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं?

आणि डेबियन तर दरवर्षी नेता निवडतो, घटना आहे, पसंतीक्रमाचं मतदान आहे. माझी आवडती गोष्ट २०२१ ची. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे वादग्रस्त जनक स्टॉलमन एफएसएफच्या (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या) संचालक मंडळावर परतले, तेव्हा डेबियनने यावर जाहीर भूमिका घ्यावी का, यासाठी मतदान झालं. पर्याय अनेक होते, राजीनामा मागण्यापासून पाठिंबा देण्यापर्यंत. जिंकला तो पर्याय: डेबियन या विषयावर कोणतंही निवेदन काढणार नाही.

---

रूटबाबा

बघा! शेवटी लोकांनी काय निवडलं? गप्प राहणं.

---

अर्धविराम

निवडलं ना पण! मतदान करून, मतमोजणी उघड ठेवून. या गप्प राहण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कर्नलच्या मेंटेनर्स फाइलवर असं मत कोणी घेतलं होतं?

---

तळटीप

घेऊन उपयोग नव्हता. निर्बंधांचा कायदा मतदानाला विचारत नाही. लिनक्स फाउंडेशन अमेरिकेत नोंदलेली, टोरवाल्ड्स तिथे राहतो. तिथलाच कायदा लागू. कोड ठेवायची जागा असलेल्या गिटहबने २०१९ मध्ये क्रायमिया, इराण, सीरियातल्या लोकांची खाजगी रेपो अडवली तेव्हाही हेच कारण होतं. इराणपुरती परवानगी त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये सरकारकडून मिळवली. रिस्क-फाइव्ह या खुल्या चिप-रचनेची संस्था हे ओळखून आधीच स्वित्झर्लंडला हलली. पत्ता बदलणं हासुद्धा आर्किटेक्चरचा निर्णय असतो, फक्त तो डायग्राममध्ये काढत नाहीत.

---

रूटबाबा

हे मला पटलं. निदान पॅचच्या वर्णनात खरं कारण लिहायला हवं होतं. कर्नलमध्ये एक ओळ बदलली तरी 'का' ते लिहा म्हणून नवशिक्यांना झाडतात, आणि इथे माणसं काढली एका वाक्यात.

---

क्युबिकल

रात्रपाळी यांच्या पत्रांकडे परत येतो, कारण असली पत्रं पाठवणाऱ्या बाजूला मी बसतो. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा (डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षिततेचा) १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आलाय. त्रुटी कळवण्याचं बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून, बाकी बहुतेक सगळं ११ डिसेंबर २०२७ पासून. तेव्हा प्रश्नावल्या थांबतील असं समजू नका.

---

तळटीप

पण कायदा नीट वाचा. व्यवसाय म्हणून न विकलेलं ओपन सोर्स त्यातून वगळलंय. फाउंडेशनसारख्या संस्थांसाठी हलकी जबाबदारी असलेला वेगळा गट केलाय. घटक (उत्पादनात वापरलेल्या लायब्ररी वगैरे) तपासण्याचं ओझं उत्पादन विकणाऱ्यावर आहे. आणखी एक: उत्पादकाला एखाद्या घटकात त्रुटी सापडली तर ती त्या घटकाच्या मेंटेनरला कळवायची, आणि स्वतः दुरुस्ती केली असेल तर तिचा कोडही त्याला द्यायचा. पहिल्या मसुद्यात हे इतकं स्पष्ट नव्हतं. ओपन सोर्स संस्थांनी ब्रुसेल्समध्ये जाऊन आरडाओरडा केला तेव्हा सुधारलं. 'राजकारण नको' म्हणत घरी बसले असते तर ते ओझं रात्रपाळी यांच्या डोक्यावर आलं असतं.

---

रात्रपाळी

हे मला माहीत नव्हतं. कलम कुठलं?

---

तळटीप

तेरावं. पाचवा आणि सहावा परिच्छेद.

---

रात्रपाळी

छान. आजच सिक्युरिटी फाइलमध्ये घालते: प्रश्नावली पाठवण्याआधी कलम १३ वाचा, त्रुटी सापडली असेल तर पॅचसकट या, आणि उत्तर ठरावीक मुदतीत हवं असेल तर सपोर्टचे दर खाली दिले आहेत. क्युबिकल, तुमच्या खरेदी विभागालाही दुवा पाठवा.

---

क्युबिकल

पाठवतो. दर वाजवी ठेवा म्हणजे झालं.